वारा समोरून येतो तेव्हा



आमचे पोफळी गाव समुद्रकाठी नाही. ते रत्नागिरी जिल्ह्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. कोयना धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यातून येते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज तयार करते आणि पुढे कोळकेवाडीच्या जलाशयात जाते. तेथून ते वाशिष्ठी नदीत सोडले जाते. वाशिष्ठी चिपळूणवरून वाहत जाऊन दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या गावचे पाणी समुद्रापर्यंत पोहोचते. गावातली मुले मात्र क्वचितच होडीत बसतात. मग अशा गावचा शिक्षक तुम्हांला शिडाच्या होड्यांच्या शर्यतीविषयी का सांगतो आहे? त्याला कारण झाला एका मुलीचा प्रश्न.

आमच्या वर्गात रोज मराठी वृत्तपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचायची, असा रिवाज आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ शहराच्या यजमानपदाखाली आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या. त्या दिवशीच्या बातमीत नेहा ठाकूर या सतरा वर्षांच्या मुलीचे नाव होते. तिने लहान शिडाच्या होडीच्या शर्यतीत भारताला रौप्यपदक मिळवून दिले होते. नेहा मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या राज्याला समुद्र नाही. ती शिडाची होडी चालवायला शिकली ती भोपाळच्या तलावात. त्याच दिवशी इबाद अली या तरुणाने शिडाच्या फळीच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले होते.

बातमी संपली आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "सर, वारा तर सगळ्यांना सारखाच असतो. मग एक होडी पुढे आणि दुसरी मागे का राहते?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. ते उत्तर मी त्या दिवसापासून गोळा करत आलो आहे. थोडे मला माझ्या नानांकडून आधीच मिळाले होते, थोडे पुस्तकांतून मिळाले आणि बरेचसे आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याकडून मिळाले. तेच आज तुम्हांला सांगतो.

आधी हे पाहू या, की शिडाची होडी चालते कशी. वारा पाठीमागून आला, तर होडी पुढे जाते, हे कोणालाही कळते. पण वारा समोरून येत असेल आणि आपल्याला समोरच जायचे असेल, तर काय करायचे? होडीचे तोंड नेमके वाऱ्याकडे केले, तर शीड फडफडते आणि होडी जागेवरच थांबते. मात्र वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून ती तिरकी चालवली, तर शीड पक्ष्याच्या पंखासारखे फुगते आणि होडीला ओढते. होडीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते. ती होडीला बाजूला घसरू देत नाही. त्यामुळे होडी तिरकी का होईना, पुढे सरकते. थोडे अंतर उजवीकडे तिरके जायचे, मग वळायचे आणि तेवढेच डावीकडे तिरके जायचे. असे करत करत होडी वाऱ्याच्या दिशेला पोहोचते.

पोफळीच्या मुलांना हे समजावून सांगणे सोपे आहे. मी त्यांना खिडकीतून घाट दाखवतो. कुंभार्ली घाटात एस.टी. सरळ डोंगरावर चढते का? नाही. ती वळणे घेत घेत वर जाते. प्रत्येक वळणावर तिचा वेग कमी होतो आणि ड्रायव्हरला गिअर बदलावा लागतो. होडीचेही तसेच आहे. प्रत्येक वळणावर वेग जातो. म्हणून वळण केव्हा घ्यायचे आणि ते किती सफाईने घ्यायचे, यावर अर्धी शर्यत ठरते.

माझे आजोळ दाभोळच्या खाडीकाठी. माझे नाना तरुणपणी गलबतावर तांडेल होते. लाकूड, कौले आणि नारळ घेऊन ते मुंबईपर्यंत जात असत. पुढे इंजिनाच्या बोटी आल्या आणि शिडे उतरली. नाना घरी बसले, पण त्यांची सवय गेली नाही. पहाटे अंगणात येऊन ते गालावर वारा घ्यायचे आणि सांगायचे, "आज दुपारी दर्यावरचा वारा लवकर सुटणार." भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला आहात. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. नानांनी भूगोलाचे पुस्तक कधी उघडले नव्हते. त्यांना हे गालाने कळत होते.

आणखी एक गोष्ट नानांनी मला दाखवली. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मधोमध पाणी जोरात वाहते आणि काठाजवळ, उथळ जागी, ते हळू असते. म्हणून पाण्याच्या उलट जायचे असेल, तर काठ धरावा. पाण्याबरोबर जायचे असेल, तर मध्य धरावा. शर्यतीतले खेळाडूही हेच करतात. आता त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर तुम्हांला मिळाले असेल. वारा सगळ्यांना सारखा नसतो. डोंगराच्या आडोशाला तो मंद होतो आणि मोकळ्यावर जोर धरतो. घडीत थोडा उजवीकडून येतो, तर घडीत थोडा डावीकडून. जो पाहतो, त्याला हा फरक कळतो. पाण्यावर काळसर, सुरकुतलेला पट्टा दिसला, की समजावे, तेथे वारा जास्त आहे.

आता त्या माजी विद्यार्थ्याविषयी सांगतो. त्याचे घर चिपळूणला. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला मोठा पूर आला, तो तुम्हांला ठाऊक असेल. त्याच्या घरात पाणी शिरले. ते सगळे एक दिवस आणि एक रात्र शेजाऱ्यांच्या माळ्यावर बसून राहिले. त्या दिवसापासून त्याला पाण्याची भीती बसली. पाऊस जोरात सुरू झाला, की तो वर्गात खिडकीबाहेर पाहत राहायचा आणि हातातली पेन्सिल तशीच धरून ठेवायचा.

कॉलेजात गेल्यावर तो एन.सी.सी.च्या नौदल विभागात भरती झाला. घरी सगळ्यांना आश्चर्य वाटले. अम्मी तर रागावल्याच. मी त्याला विचारले, "तुला तर पाण्याची भीती वाटते ना?" तो म्हणाला, "सर, म्हणूनच. पाणी पुन्हा घरात आले, तर निदान काय करायचे ते मला माहीत असावे."

शिबिरात पहिल्याच दिवशी त्याला काय शिकवले असेल? होडी उलटवायला! आधी प्रत्येकाने अंगावर जीवरक्षक जाकीट घातले. मग होडी मुद्दाम आडवी पाडली. दोघे जण पाण्यात पडले. एकाने होडीच्या पोटाखालच्या फळीवर उभे राहून मागे वजन टाकले आणि होडी पुन्हा सरळ केली. होडी कितीही उलटली, तरी होडीला सोडून पोहत जायचे नाही, हा पहिला नियम. उलटलेली होडीसुद्धा तरंगते आणि दुरून माणसांना दिसते. दहा वेळा उलटल्यावर त्याची भीती बरीच कमी झाली. तो मला म्हणाला, "पूर आला तेव्हा मी बघत बसलो होतो, सर. येथे पाण्यात पडल्यावर हाताला काम होते."

त्याला मिळालेली होडी एंटरप्राइज जातीची होती. ही होडी सुमारे चार मीटर लांब असते आणि तिच्यात दोघे बसतात. एक जण मागे बसून सुकाणू आणि मोठे शीड सांभाळतो. दुसरा पुढचे लहान शीड सांभाळतो, पोटातली फळी वरखाली करतो, आपल्या वजनाने होडीचा तोल राखतो आणि आजूबाजूला नजर ठेवतो. आमच्या विद्यार्थ्याला ही दुसरी जागा मिळाली. सुकाणूवर गुहागरकडचा, मासेमारांच्या घरातला एक मुलगा होता. अब्बांना हे आवडले नाही. ते म्हणाले, "म्हणजे तू त्याचा नोकर?"

पहिल्या सराव शर्यतीत बारा होड्या होत्या. हे दोघे अकरावे आले. दोघांतही चूक शोधायची झाली, तर एकच होती. दोघे एकाच वेळी बोलत होते आणि एकमेकांचे ऐकत नव्हते. शिकवणाऱ्यांनी इंग्रजी आज्ञा शिकवल्या होत्या. घाईत एकाला इंग्रजी शब्द आठवत नसे, तर दुसरा आपल्या बोलीत ओरडत असे. वळताना एक जण डावीकडे सरकला, दुसराही डावीकडेच सरकला आणि होडी उलटली.

त्या संध्याकाळी दोघे धक्क्यावर बसले आणि त्यांनी शब्द ठरवले. दोघांनाही येणारी भाषा मराठी होती. म्हणून शब्द मराठीच निवडले: 'तयार?', 'तयार', 'वळव', 'ओढ', 'ढील', 'बाहेर', 'आत'. एवढ्या शब्दांवर पुढचे सगळे काम चालले. सुकाणूवाल्याने 'तयार?' असे विचारायचे. सोबत्याने दोरी हातात घेऊन 'तयार' म्हटल्याशिवाय होडी वळवायची नाही. आमच्या विद्यार्थ्याने ते शब्द आपल्या वहीत उर्दू लिपीत लिहून ठेवले होते. मी ती वही पाहिली आहे. मराठीच्या तासाला जो मुलगा वाचायला उभा राहताना घाबरायचा, त्याचा जीव आता त्या सात शब्दांवर अवलंबून होता.

मित्रांनो, सोबती हा नोकर नसतो, हे सिद्ध करणारे एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत झाल्या. दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. तेथे फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल जातीच्या होडीत सुवर्णपदक जिंकले. ही होडी एंटरप्राइजपेक्षा लांब आणि चपळ असते. जोराच्या वाऱ्यात तिच्यातला सोबती कमरेला पट्टा बांधतो, डोलकाठीच्या तारेला लटकतो आणि होडीच्या काठावर पाय रोवून सगळे अंग पाण्यावर झोकून देतो. त्याने क्षणभर उशीर केला, तर होडी कलंडते. अशा होडीत दोघांपैकी कोण मोठा आणि कोण लहान? पदक दोघांच्याही गळ्यात पडते.

तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ या तीन ऑलिंपिक स्पर्धांत उतरले. तिन्ही वेळा त्यांची होडी '४७०' जातीची होती. तिची लांबी ४७० सेंटिमीटर असते, म्हणून तिचे नाव तसे. तिन्ही वेळा त्यांचा जोडीदार मात्र वेगळा होता. जोडीदार बदलला, की एकमेकांची सवय पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. अनुभवी खेळाडूलाही हे चुकत नाही.

आता आपल्या जोडीकडे वळू या. शब्द ठरले, पण वळण अजून जमत नव्हते. मग त्यांनी एक युक्ती केली. वळण घेतल्यावर होडी पुन्हा वेग धरेपर्यंत सोबत्याने मोठ्याने आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी आठपर्यंत मोजावे लागले. एका सकाळी त्यांनी दुसरे काहीच केले नाही. फक्त वळणे घेतली. हाताला दोरीचे वळ उठले. आठवड्याने मोजणी चारवर आली. हिशेब करा. एका शर्यतीत वीस वळणे घ्यावी लागली आणि प्रत्येक वळणाला चार आकडे वाचले, तर ऐंशी आकड्यांइतका वेळ वाचला. तेवढ्या वेळात होडी कितीतरी पुढे जाते. सरावाचा फायदा असा हिशेबात दिसतो.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकली ती सुरुवातीची. धावण्याच्या शर्यतीत सगळे रेषेवर उभे राहतात. होडीला पाण्यावर असे उभे राहता येत नाही. शर्यतीच्या पाच मिनिटे आधी पहिला इशारा होतो, मग चार मिनिटे आधी, मग एक मिनिट आधी. तेवढ्या वेळात होड्या रेषेमागे फिरत राहतात. नेमक्या इशाऱ्याला, भरवेगात, रेषेवर पोहोचायचे असते. आधी ओलांडली, तर परत मागे यावे लागते. उशीर झाला, तर पुढच्यांच्या शिडांनी बिघडवलेला वारा वाट्याला येतो.

हा बिघडलेला वारा महत्त्वाचा आहे. पुढच्या होडीचे शीड वारा अडवते आणि तिच्या मागे तो तुटक, मंद होऊन येतो. म्हणून पुढे असलेल्याच्या मागोमाग गेल्याने कोणी जिंकत नाही. आपली वेगळी, मोकळ्या वाऱ्याची वाट शोधावी लागते. मात्र केवळ वेगळे जायचे म्हणून सगळ्यांना सोडून एका टोकाला जाणे हा जुगार आहे. शहाणा खेळाडू इतरांवर नजर ठेवतो, वारा पाहतो आणि मग वळतो.

शिबिराच्या शेवटी मोठी शर्यत झाली. शेवटच्या फेरीत आमची जोडी तिसऱ्या जागेवर होती. पाण्यात वळण दाखवणारा तरंगता पिंप असतो. त्याला जवळून वळसा घालायचा, पण स्पर्श करायचा नाही, असा नियम आहे. स्पर्श झाला, तर शिक्षा म्हणून स्वतःहून एक पूर्ण गिरकी घ्यायची. यांच्या होडीचा काठ पिंपाला हलकेच घासला. पंच दूर होते. मागच्या होडीतल्या मुलांचे लक्ष शिडाकडे होते. कोणी पाहिले नव्हते.

तो म्हणाला, "सर, आम्ही एकमेकांकडे पाहिले. मी काही बोलण्याआधीच त्याने विचारले, 'तयार?' मी म्हटले, 'तयार'. आणि आम्ही गिरकी घेतली." तेवढ्यात दोन होड्या पुढे गेल्या. ते पाचवे आले.

घरी आल्यावर अब्बा म्हणाले, "पाचवा? मग एवढे सगळे कशासाठी?" त्याने गिरकीची हकीकत सांगितली. अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "तो गुहागरचा मुलगा आपल्याकडे जेवायला कधी येणार?"

मुलांनो, या खेळात गुण मोजण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. पहिल्या क्रमांकाला १ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजयी. स्पर्धेत अनेक शर्यती होतात आणि सर्वांत वाईट शर्यतीचे गुण वगळले जातात. नेहा ठाकूरने अकरा शर्यतींत ३२ गुण घेतले होते. त्यांतले सर्वांत वाईट ५ गुण वगळून २७ उरले आणि ती दुसरी आली. एक शर्यत वाईट गेली, तर ती माफ होते. पण बाकीच्या दहा शर्यतींत तुम्ही सातत्याने चांगले असावे लागते.

माझ्या वर्गातली काही मुले दहावीनंतर शाळा सोडायचे म्हणतात. कोणी म्हणते, मराठी कच्चे आहे; कोणी म्हणते, इंग्रजी येत नाही; कोणाच्या घरी पैशांची अडचण असते. ते खोटे बोलत नाहीत. वारा खरोखरच समोरून येत असतो. सरळ जाता येत नाही, हेही खरे. त्यांना मी एवढेच सांगतो, की आज तिरके जा. एका वर्षाचा कोर्स करा, नोकरी करून रात्रशाळेत शिका, रोज वृत्तपत्रातली एक बातमी वाचा. पुढचे वळण कोठे घ्यायचे ते आपण दोघे मिळून पाहू.

तुमच्यापैकी कोणाला हा खेळ शिकावासा वाटला, तर आधी पोहायला शिका. जीवरक्षक जाकिटाशिवाय आणि जाणत्या माणसाशिवाय पाण्यात उतरू नका. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी ऑप्टिमिस्ट नावाची एकट्याने चालवायची लहानशी होडी असते. जगभरातली मुले तिच्यावर शिकतात. शाळेत किंवा कॉलेजात एन.सी.सी.चा नौदल विभाग असेल, तर तेथेही शिडाची होडी हाती येऊ शकते.

आमचा तो विद्यार्थी आता शिबिरात मोठा झाला आहे. पहिल्या दिवशी घाबरलेली मुले धक्क्यावर उभी राहतात, तेव्हा त्यांना होडी उलटवून दाखवायचे काम त्याच्याकडे असते.